तिसरी, घटक सातवा : लांबी

सोमवारी पट्टी काढायची नाही, असं पुस्तकच सांगतं.
आधी अंगठा, वीत, हात, पाऊल.
सगळे फळ्याकडे धावले,
खडूची पूड माझ्या पदरावर.
ओंकार मुतगेकरचा फळा चौदा विती,
तौसिफचा बारा,
बारक्या समीक्षाचा सतरा आणि वर थोडा.
थोडा म्हणजे किती गं?
तिनं करंगळीचं नख दाखवलं.

फळा एक, उत्तरं तेवीस.
आमच्या वडगावात भिंतीपलीकडे
दिवसभर माग चालतात, खटक् खटक्,
त्यांच्यावर आवाज चढवून मी विचारलं,
मग खरं कुणाचं?
कुणी हात वर केला नाही.
हात सगळे मोजण्यात गुंतलेले.

मंगळवारी जेवणानंतर हिरेमठ टीचरांचा कन्नडचा तास.
त्यांनी माझा फळा पुसला नाही.
विती होत्या तशा ठेवून शेजारी लिहिलं :
गेणु. मोळ. मारु.
पोरं एका दमात ओरडली, वीत, हात, वाव!
तौसिफला शंका.
"टीचर, गेणुनं मोजलं तर फळा बदलंल काय?"
"नोडु," म्हणाल्या त्या. बघ की.
त्यानं मोजला. ओंदु, एरडु, मूरु...
जीभ बाहेर, टाचा वर,
शेवटाला हन्नेरडु.
"बाराच की हो!"
आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो,
कशाला ते पोरांना कळलं नाही.

बुधवारी पट्ट्या निघाल्या. नऊच.
एकीचा शून्य झिजून गेलेला.
ती सौम्याला दिली, म्हटलं,
तू एकपासून मोज आणि एक वजा कर.
उकडलेलं अंडं साडेपाच सेंटीमीटर निघालं.
खाल्ल्यावर किती? शून्य!
त्या दिवसाचा गृहपाठ कुणाच्याच लक्षात राहिला नाही.

गुरुवारी सौम्या फुलारी
पट्टी घरी नेऊ का म्हणून उंबऱ्याशी घुटमळली.

तिची आई गणपत गल्लीच्या तोंडाला बसते.
बुट्टीत काकडा, अबोली, ओल्या फडक्याखाली शेवंती.
माळ मोळावर विकायची :
कोपर ते मधल्या बोटाचं टोक,
हात म्हणा, मोळ म्हणा, पैसे तेवढेच.

शुक्रवारी सौम्या उभी राहिली, वही न उघडता.
"बाई, आईचा मोळ एक्केचाळीस हाय.
शेजारच्या गंगव्वाचा सेहेचाळीस.
म्हणून गिऱ्हाइकं तिकडं जातात.
आईला म्हणतात, तुझा हात आखूड."

माझ्याकडे उत्तर तयार होतं.
सर्वांसाठी एकच माप,
ज्याला आपण म्हणतो प्रमाणित एकक,
खाली रेघ ओढा, परीक्षेत येतं.
मी खडू उचलला.
"थांबा की बाई, झालं नाही अजून.
मोळ भरला की आई कापत नाही.
पुढं चार बोटं ठेवते, मग कापते.
कुणाला सांगत नाही.
काल ती चार बोटं पण मोजली मी.
सहा."

वर्ग बोटांवर बेरीज करू लागला.
पहिला ओंकार. "सत्तेचाळीस! एक जास्तच!"
सौम्या बसली.
झिजलेल्या पट्टीवरचा एक
तिनं वजा केला होता, मी विचारलंच.

बोर्डावर रेघ ओढायची राहून गेली.
नोंदवहीत मात्र लिहिलं,
लांबी : उद्दिष्ट साध्य,
तेवीसपैकी तेवीस,
आणि बराच वेळ त्या चोवीसाव्या ओळीकडे बघत राहिले
जिथं कुणाचं नाव नसतं.

शनिवारी सकाळची शाळा.
सुटताना पट्ट्या मोजून घेतल्या. आठ.
नववी कुणाकडे आहे ते ठाऊक आहे.
मागितली नाही.